साखरपुडा मोडला, आता मुलगा 'तसले' फोटो पुढे पाठवायची धमकी देतोय. कायद्याने खरंच काही होतं का?

लोकमान्यनगरची_आत्या

नमस्कार मंडळी. मी इथे वाचत असते, लिहीत कधी नाही, पण हे घरात कोणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे टाकतेय. नावगाव कोणाचं सांगणार नाही, कृपया विचारू नका.

माझी भाची २४ वर्षांची, इंदूरलाच नोकरी करते. मागच्या वर्षी साखरपुडा झाला, मुलगा पुण्याला आयटीत. चार-पाच महिन्यांत रंग दिसायला लागले, फोनचा पासवर्ड दे, ऑफिसात त्या अमक्याशी का बोललीस, रात्री झोपेपर्यंत व्हिडिओ कॉल चालूच ठेव, असलं सगळं. शेवटी दादा-वहिनींनीच मोडलं. अंगठी, साड्या, सगळं देणंघेणं परत झालं, आम्हाला वाटलं सुटलो. आता नवीन स्थळ आलंय, चांगलं आहे, आणि हे त्याला कुठून तरी कळलं (आपल्याकडे काय लपतं, गणपतीत नि कोजागिरीला सगळे एकाच हॉलमध्ये), तर त्याने हिला मेसेज केला की ते फोटो अजून आहेत माझ्याकडे, स्थळवाल्यांना पाठवू का.

तर झालंय असं की साखरपुड्यानंतर त्याच्या मागे लागण्याने हिने तीन-चार फोटो स्वतः काढून पाठवले होते, आणि एक स्क्रीनशॉट त्याने व्हिडिओ कॉलवर हिला न सांगता घेतलाय. परवा रात्री हिच्या भावाच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, तो एकदाच उघडतो ना तसला, पोराने उघडला, बघितला आणि गायब. आता पुरावा काय दाखवायचा? भाची तर सगळं चॅटच डिलीट करायला निघाली होती, मी फोन हातातून काढून घेतला.

तो मुलगा म्हणतो, तूच पाठवलेस, पोलिसात गेलीस तर अश्लील फोटो पाठवल्याची केस तुझ्यावरच होईल. हे खरं आहे का? आणि तक्रार इंदूरला करायची की पुण्याला? दादा म्हणतो मंडळातल्या दोन मोठ्या माणसांना मध्ये घालून गुपचूप मिटवू, ठाण्यात गेलो की नाव बाहेर. मला ते पटत नाहीये पण समोर काय बोलू तेही कळत नाही.

एमजीरोड_वकील

आत्याबाई, पहिलं म्हणजे चॅट डिलीट होऊ दिलं नाहीत ते फार बरं केलंत.

तो मुलगा घाबरवतोय. फोटो स्वतः पाठवला म्हणजे तो गावाला दाखवायची परवानगी दिली असं होत नाही, आणि हे कायद्यातच लिहिलेलं आहे. भारतीय न्याय संहिता कलम ७७, आयपीसीत हेच ३५४-सी होतं, २०१३ साली घातलेलं. त्याच्या खालच्या स्पष्टीकरणात सरळ म्हटलंय की बाईने फोटो काढायला संमती दिली असेल पण तिसऱ्या माणसाला दाखवायला दिली नसेल आणि तो दाखवला, तर गुन्हा. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं, दुसऱ्यांदा सापडला तर ३ ते ७. आणि व्हिडिओ कॉलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे तर काढायलाच संमती नव्हती, तो फोटो आवेदनात वेगळा लिहा, बाकीच्यांत मिसळू नका.

त्याच्या जोडीला आयटी ॲक्ट. ६६-ई म्हणजे शरीराचे खाजगी भाग दिसणारा फोटो परवानगीशिवाय काढणं, टाकणं किंवा पाठवणं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग ६७ अश्लील साहित्यासाठी, आणि ६७-ए लैंगिक कृती उघड दिसत असेल तर, तिथे पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत दंड. आता यातली मेख अशी की ७७ पहिल्या वेळी जामीनपात्र आहे, ६६-ई पण जामीनपात्र आहे, म्हणजे एवढंच लागलं तर मुलगा ठाण्यातूनच जामिनावर घरी. ६७-ए लागलं तर जामीन कोर्टातून घ्यावा लागतो. पण ६७-ए प्रत्येक फोटोला बसत नाही, नुसता कपड्यांशिवायचा फोटो त्यात येतो की नाही यावर कोर्टात वाद चालतात, म्हणून आवेदनात "आपत्तिजनक फोटो" एवढंच लिहून सोडू नका. फोटोत काय दिसतं ते भाचीने एकदा धीर करून स्पष्ट लिहावं, महिला अधिकाऱ्यासमोर, पण लिहावं. ठाण्यात लाजेपोटी सगळे मोघम लिहितात आणि कलमंही मग मोघमच लागतात.

आणि समजा अजून काहीच पाठवलं नसतं तरी धमकी हा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३५१, त्यात बाईच्या चारित्र्यावर डाग लावायची धमकी असेल तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे मागितले असतील तर ३०८, खंडणी, आणि मग चित्रच बदलतं. मागितलेत का? नीट विचारा, मुलं हे घरात सांगत नाहीत.

जागेचं म्हणाल तर इंदूरलाच. मेसेज जिथून निघाला आणि जिथे मिळाला, दोन्हीकडे खटला चालू शकतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९९. फोन इंदूरला वाजला ना, झालं.

सराफ्याचा_भिया

खरं बोललं की लोकांना राग येतो पण मुलींनी असले फोटो पाठवायचेच कशाला? आमच्या वेळी साखरपुड्यानंतर पत्र लिहायला पण घरच्यांना विचारावं लागायचं. पोलिस बिलिस पुढचं, आधी घरातले संस्कार.

खारीशेव_कमी_तिखट

भिया तुमच्या वेळी पण एखाद्याने कोणाचं पत्र चौकात वाचून दाखवलं असतं तर चूक वाचणाऱ्याचीच ना. प्रश्न काय विचारलाय, तुम्ही काय सांगताय. आत्या तुम्ही हे स्क्रोल करून पुढे जा.

लष्करवाली

मी ग्वाल्हेरची. आमच्या घरात हे होऊन गेलंय, बहिणीचं, म्हणून वकीलसाहेबांनी जे सांगितलं त्याच्या पुढचं सांगते, म्हणजे ठाण्याच्या दारातून आत गेल्यावर काय होतं ते.

आपल्या एमपीत काय करतात, तुम्ही गेलात की म्हणतात "आवेदन दे जाइए, जाँच करवाते हैं". तुम्ही आवेदन देता, घरी येता, आणि तुम्हाला वाटतं एफआयआर झाली. नाही झालेली! ते नुसतं आवेदन, कुठल्या तरी फाइलीत लावलेलं. आमचं असंच पडून होतं, फोन केला की "जाँच में है", आणि तेवढ्यात त्या माणसाने अजून दोन नातेवाइकांना फोटो पाठवले. ठाण्याचं नाव घेत नाही, सगळीकडे तेच आहे. म्हणून आवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. आणि एफआयआर झाली की त्याची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे, मागा.

कलम ७७ ची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, हे कायद्यात आहे, मी मेहेरबानी मागत नाहीये. ऊर्जा महिला डेस्क बऱ्याच ठाण्यांत आहे, नाहीतर तुमच्याकडे पलासियाला महिला थाना आहेच. आणि एक, आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या माणसाला करता येत नाही, म्हणजे टीआय (ठाण्याचा मुख्य इन्स्पेक्टर) किंवा त्याच्या वरचा. आमचा तपास आधी एका हवालदाराकडेच फिरत होता, आम्हाला हे कळल्यावर टीआय साहेबांना जाऊन सांगितलं तेव्हा कुठे फाइल हलली.

नाव बाहेर जाईल म्हणून दादा घाबरतायत ना, तर एफआयआर वेबसाइटवर टाकतात हे खरं, पण लैंगिक गुन्ह्यांच्या आणि संवेदनशील एफआयआर टाकायच्या नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. तरी पण तुम्ही टीआयला तोंडी आठवण करून द्याच, आणि एफआयआर झाल्यावर साइटवर बघून घ्या.

विजयनगर_कोडर

कायद्याचं मला कळत नाही, फोनचं सांगतो. घाईघाईत वाचा पण हे आजच करा.

१) त्याच्या चॅटमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेज' चालू आहे का बघा, वर नावावर टॅप केलं की दिसतं. चालू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत सगळं आपोआप उडतं, आणि तुम्ही पुरावा सांभाळलाय म्हणून निवांत बसाल. शिवाय तो स्वतः पण दोन-अडीच दिवसांच्या आत 'सगळ्यांसाठी डिलीट' करू शकतो, म्हणजे परवाच्या मेसेजला आज मुदत संपत आली.

२) स्क्रीनशॉट नुसते नकोत. दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढा, आधी त्याचा नंबर दिसू दे (नाव सेव्ह असेल तर प्रोफाइल उघडून नंबर दाखवा), मग चॅट हळूहळू वर नेत जा, तारखा दिसल्या पाहिजेत.

३) तो एकदाच उघडणारा फोटो गेला तरी चॅटमध्ये 'ओपन्ड' अशी ओळ राहते, वेळ पण राहते. ती भावाच्या फोनवर असेल, ती उडवू नका. परत असं काही आलं तर उघडूच नका, १४ दिवस ते न उघडता पडून राहतं. त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप घेऊ देत नाही, म्हणून दुसऱ्या फोनचा कॅमेरा लावूनच उघडायचं, आणि जमलं तर ठाण्यात अधिकाऱ्यासमोर.

आता पसरू नये म्हणून. स्टॉप एनसीआयआय नावाची साइट आहे, २०२१ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, यूकेतली एक संस्था चालवते आणि फेसबुक-इन्स्टावाले त्यात आहेत, अजूनही काही कंपन्या आहेत. तिथे फोटो अपलोड होत नाही, हे भाचीला आधी सांगा, नाहीतर ती घाबरेल. फोटो तिच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त एक आकड्यांचा ठसा तयार होऊन तो जातो, आणि मग तोच फोटो कोणी त्या साइटवर टाकला की त्यांच्याकडे ओळखला जातो. पण त्यासाठी मूळ फोटो हातात हवा!! म्हणून गॅलरीतून पण काही उडवू नका, कितीही किळस आली तरी. १८ च्या वरच्यांसाठी आहे हे, १८ च्या आतल्या मुलांसाठी टेक इट डाउन म्हणून वेगळी सोय आहे. आणि व्हॉट्सॲपवर एकाने दुसऱ्याला पाठवला तर याचा उपयोग नाही, ती चॅट बंद पाकीट असते, मधल्या कोणाला आत बघता येत नाही.

तुकोगंज_९८

मधेच विचारतो, फोटो खरा नसून एआयने बनवलेला असेल तर पण हेच का? आणि मुलगा असेल तर? माझ्या मित्राला एका अनोळखी व्हिडिओ कॉलवर फसवून रेकॉर्ड केलं आणि पैसे मागत होते, त्याने पहिल्यांदा पैसे दिले पण, मग रोज नवीन नंबर.

एमजीरोड_वकील

@तुकोगंज कलम ७७ बाईसाठीच आहे, पण ६६-ई, ६७, ६७-ए मध्ये बाई-पुरुष असा भेद नाही, आणि ३०८ खंडणीत तर नाहीच. मित्राला सांगा एक पैसा पुढे द्यायचा नाही, १९३० वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लावा, पैसे गेल्यावर जितक्या लवकर तितकं बरं. बनवलेल्या फोटोचं म्हणाल तर २०२१ च्या आयटी नियमांत खोटे, जोडलेले फोटो पण धरलेत. ज्याचा फोटो आहे त्याने, किंवा त्याच्या वतीने कोणी, त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कळवलं की २४ तासांत काढायचं असं त्या नियमांत होतं. कोर्टाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही त्यासाठी.

@लष्करवाली तुमचं आवेदनाचं अगदी बरोबर. मी सांगून थकलो लोकांना.

खारीशेव_कमी_तिखट

पण एफआयआर तर लगेच लिहायलाच लागते ना? ललिता कुमारी का कोणती ती सुप्रीम कोर्टाची केस. त्यांना ती दाखवायची सरळ.

एमजीरोड_वकील

२०१३ ची ती, हो. पण १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि त्यात १७३ च्या पोटकलम ३ मध्ये एक फट आहे. ज्या गुन्ह्याला ३ वर्षं किंवा जास्त पण ७ पेक्षा कमी शिक्षा आहे तिथे डीएसपीच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, प्रकरण उभं राहतं का ते बघायला. ६७-ए बरोबर त्यात बसतं. म्हणून ठाण्यात जाऊन ललिता कुमारी ललिता कुमारी केलं की टीआय हे कलम काढून दाखवतो आणि माणूस गप्प. तुम्ही उलट विचारा, साहेब चौकशी लावली असेल तर परवानगीचा कागद कुठे आहे आणि १४ दिवस कोणत्या तारखेला संपतात. बहुतेक वेळा कागद नसतोच. तरी नाही लिहिली तर लेखी तक्रार वर, इंदूरला आता कमिशनरी आहे म्हणजे डीसीपीकडे, पोस्टाने पण चालते, पोच सांभाळा. त्यानंतर मॅजिस्ट्रेट.

आणि बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात, जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. माझ्याकडेच या असं म्हणत नाहीये.

लोकमान्यनगरची_आत्या

सगळ्यांचे खूप आभार, मी रात्री सगळं दोनदा वाचलं आणि भाचीला पण वाचून दाखवलं. (भियांचं सोडून.) ती पहिल्यांदा जरा जेवली.

वकीलसाहेब, तुम्ही पैशांचं विचारलंत ना, तर मी तिला एकटीला गच्चीवर नेऊन विचारलं. निघालंच! त्याने तिला मेसेज केलाय की साखरपुड्याच्या हॉलचा नि केटरिंगचा अर्धा खर्च ३ लाख परत दे, मग सगळं डिलीट करतो. आणि काल त्याच्या आईने वहिनीला फोन केला, गोड बोलत होती, म्हणे मुलांची भांडणं आहेत, शनिवारी आम्ही इंदूरला येतोय, मंडळातल्या काकांच्या समोर बसून हिशोब मिटवून टाकू. दादा पैसे द्यायला तयार झालाय. म्हणतो ३ लाखांत पोरीची अब्रू वाचते तर वाचू दे. खरं म्हणजे हॉलचा खर्च दादानेच दिला होता सगळा, त्यांनी फक्त पेढे आणले होते.

एमजीरोड_वकील

मग हा खर्चाचा हिशोब नाहीच, ही खंडणी आहे. फोटो बाहेर काढायची भीती घालून पैसे घेतले की ३०८, ७ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि अजामीनपात्र. ती ३ लाखांची मेसेजची ओळ म्हणजे तुमच्या प्रकरणातला सगळ्यात पक्का कागद आहे, फोटोपेक्षाही. पैसे अजून दिले नाहीत तरी पैशासाठी घाबरवणं हा पण गुन्हाच, शिक्षा कमी, पण गुन्हा.

दादांना एवढंच विचारा की पैसे दिल्यावर फोटो डिलीट झाले हे तपासणार कसं? फोनमधून काढले, लॅपटॉपमध्ये असतील, क्लाउडवर असतील. मंडळातले काका ते बघू शकणार आहेत का? आणि बैठक झाली की ते लोक उद्या कोर्टात म्हणणार की लग्न मोडल्याचा आपसांतला हिशोब होता, पंचांसमोर झाला. तुम्हीच त्यांना बचाव लिहून द्याल. शनिवारची बैठक रद्द. कारण सांगत बसू नका, भांडू नका, फोन उचलू नका, मेसेज येत असतील तर येऊ द्या, वाचून ठेवा.

लोक विचारतात शिक्षा होते का कधी, तर पश्चिम बंगालमध्ये तामलुकच्या कोर्टाने मार्च २०१८ मध्ये असल्याच प्रकरणात इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याला ५ वर्षं दिली, तक्रारीपासून वर्षाच्या आत. सगळ्या केसेस इतक्या भरभर जात नाहीत, माझ्याच टेबलावर त्याहून जुन्या पडल्यात. पण तिथे पुरावा पहिल्या आठवड्यात नीट गोळा झाला होता की नाही यावर सगळं असतं हे मी रोज बघतो.

सराफ्याचा_भिया

३ लाख मागितले? मग हा मुलगा नाही, गुंड आहे. जा ठाण्यात. मंडळातले ते काका कोण मला अंदाज आहे, मी बोलू का त्यांच्याशी?

लष्करवाली

नका बोलू!! कोणाशीच नका बोलू.

लोकमान्यनगरची_आत्या

दादाला वकीलसाहेबांचं शेवटचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला सोमवारी सकाळी जाऊ, मी पण येतो. वहिनीने त्या बाईला मेसेज केला की शनिवारी आम्ही नाही आहोत.

एकच विचारायचं राहिलं, ठाण्यात फोन जमा करून घेतात का? भाचीच्या फोनवर तिचं ऑफिसचं सगळं आहे, आणि भाचा तर रडतोच आहे.

लष्करवाली

घेऊ शकतात. आमचा घेतला होता, परत मिळायला बराच वेळ लागला, कोर्टात अर्ज करावा लागला. जप्तीचा कागद घ्या, त्यावर मॉडेल आणि आयएमईआय नंबर बरोबर लिहिलाय का वाचून मगच सही. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की आयएमईआय दिसतो, घरूनच लिहून न्या.

विजयनगर_कोडर

फोटो भावाच्या फोनवर आला ना, मग त्याचा पण मागतील. सोमवारच्या आधी दोघांचा बॅकअप घ्या, पण एक लक्षात ठेवा, सिम काढून दुसऱ्या फोनवर त्याच नंबरने व्हॉट्सॲप चालू केलंत तर जुन्या फोनवरचं लॉगआउट होतं आणि ती 'ओपन्ड'वाली ओळ तिथे उघडून दाखवता येणार नाही. ऑफिससाठी दुसरा फोन लागणारच असेल तर ठाण्यात सगळं दाखवून, त्यांनी नोंदवून घेतल्यावर मगच व्हॉट्सॲप हलवा. तोवर भाच्याला म्हणावं फोन चार्ज करून कपाटात ठेव, आणि अपडेट मारू नकोस.

एमजीरोड_वकील

हे बरोबर. आणि फोन, चॅटच्या प्रती देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५-बी. दोन भाग असतात, पहिला ज्याचा फोन त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. पहिल्या भागात भाचा आणि भाची दोघांनी आपापला वेगळा भरायचा, एकाच कागदावर दोघांच्या सह्या करू नका.